घर पाहावं राहून

मार्चमधला रविवार, सकाळचे अकरा. कोथरूडमधली १९८८ सालची सोसायटी, दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. भिंतींना नुकताच रंग मारलेला, सगळ्या खिडक्या उघड्या, दलालाच्या बोटात किल्ल्यांचा जुडगा. घर बघायला आलेल्या जोडप्याने नळ सोडून पाहिला, शेजारी कोण राहतं ते विचारलं, ओट्यावर हात फिरवला आणि वीस मिनिटांत आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च मनाशी पक्का केला. एवढ्या वेळात लक्ष्मी रोडवर एक साडी पसंत होत नाही.

जुलैत बेडरूममधल्या कपाटामागे ओल उतरली. कपड्यांना कुबट वास यायला लागला. स्वयंपाकघरात भर दुपारी ट्यूब लावावी लागते हे तोवर लक्षात आलं होतं, आणि समोरच्या रस्त्यावरची वाहतूक रात्री बारापर्यंत थांबत नाही हेही. दिवाळी येईस्तोवर घरात एकच विषय उरला. फोडून नीट करून घ्यायचं, की विकून मोकळं व्हायचं? असं जोडपं पुण्यात, ठाण्यात, नाशकात कुणाच्याही ओळखीत सापडेल, त्यामुळे त्याला नाव द्यायची गरज नाही.

अशा वेळी सल्ल्याला तोटा नसतो. इंटिरिअरवाला म्हणतो, मधली भिंत पाडली की हॉल मोठा होईल. दलालाच्या मते बाजार आत्ता तेजीत आहे. बाजार मंदीत आहे असं सांगणारा दलाल अजून जन्माला यायचाय. आत्या सांगते, वास्तू लाभत नाहीये, शांत करून घ्या. मेहुणा म्हणतो, काढून टाक ते आणि आमच्याकडे टॉवरमध्ये ये. यातला एकही जण कपाट सरकवून मागची भिंत बघत नाही.

खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. घर आवडतं की नाही हा प्रश्न नंतरचा. तक्रारीचं बिऱ्हाड नेमकं कुठे आहे, हा आधीचा. काही तक्रारी चार भिंतींच्या आत राहतात, त्या गवंडी काढतो. काही इमारतीत मुरलेल्या असतात, त्यांना वीस-पंचवीस शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. आणि काही कंपाउंडच्या बाहेर उभ्या असतात. तिथे पैसा चालत नाही. या पत्त्यांची गल्लत झाली की माणसं नको ते घर विकतात आणि नको ते घर सजवत बसतात.

ओलीचंच घ्या. तिला ओळखायची एक बिनखर्ची युक्ती आहे. ओलीच्या कडेकडेने पेन्सिलने रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. पावसाळ्यात रेघ ओलांडून पसरणारी आणि फेब्रुवारीत आक्रसणारी ओल पावसाची असते. बाहेरच्या गिलाव्याला तडा गेलेला असतो, खिडकीवरच्या सज्ज्याचा उतार भिंतीकडे असतो, नाहीतर गच्चीचा कोबा फुटलेला असतो. मे महिन्यातही तितकीच गार लागणारी भिंत पाइपकडे किंवा वरच्या बाथरूमकडे बोट दाखवते. मग वरच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, आणि त्यांच्या नहाणी ट्रॅपमध्ये बोळा कोंबून बाथरूमभर दोन इंच पाणी एक दिवस साठवून ठेवायला त्यांना राजी करायचं. खाली डाग वाढला की दोष सापडला. या तपासाला खर्च फक्त संकोचाचा. तो वाचवण्यासाठी लोक ओल्या भिंतीवर पुट्टी भरतात, वर भारीतला वॉलपेपर चढवतात, आणि पुढच्या जुलैत वॉलपेपरसकट पोपडे हातात येतात.

दुरुस्ती कुणी करायची याचाही निकाल सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लावलेला आहे. पावसाचं पाणी, गच्ची, बाहेरची सामाईक पाइपलाइन यांची गळती सोसायटीने निस्तरायची. संडास-बाथरूम, सिंक यांची आतली गळती ज्याच्या घरातून येते त्या सभासदाने. भांडण लागतं ते नियम नसल्यामुळे नव्हे, पुस्तिका कपाटात असल्यामुळे.

मुरलेली तक्रार जास्त फसवी. स्लॅबमधल्या सळईला पाणी लागलं की ती गंजते आणि गंजलेल्या लोखंडाचं आकारमान मूळच्या कितीतरी पट होतं. ते आतून सिमेंटला ढकलतं, आधी बारीक भेग पडते, मग कपचा सुटून खाली येतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेने हे काम लवकर उरकतं. छतावर लाकडी दांड्याने ठोकलं आणि ‘बद्द’ असा पोकळ आवाज आला, तर तिथे पीओपीचं फॉल्स सीलिंग लावणं म्हणजे गळू झाकायला शर्ट शिवणं. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करावं, असं उपविधी सांगतात. घर विकायचं की फोडायचं हे ठरवणाऱ्याने इंटिरिअरवाल्याचं कोटेशन मागवायच्या आधी सचिवाकडे हा अहवाल मागावा. अहवालच नसेल, तर तेही एक उत्तर आहे.

निराश करणारं घर फक्त मध्यमवर्गीयाच्याच वाट्याला येतं असं नाही. विसाव्या शतकातली जगप्रसिद्ध घरंही त्यात आहेत. शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांनी मीस व्हॅन डर रोह या वास्तुकाराकडून इलिनॉयमध्ये नदीकाठी सुट्टीचं घर बांधून घेतलं. १९५१ मध्ये ते तयार झालं तेव्हा चारही बाजूंना काच, उन्हाळ्यात भट्टी, रात्री दिवा लावला की काचेवर किड्यांचा थर. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि दोघं कोर्टात गेले. तरीही बाईंनी ते घर विकलं नाही. जाळ्या लावल्या, पडदे लावले, दोन दशकं येत-जात राहिल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने शेजारून रस्ता आणि पूल काढायला त्यांच्या जमिनीचा तुकडा घेतला. त्याविरुद्ध त्या लढल्या, हरल्या, आणि १९७२ मध्ये घर विकून टाकलं. काचेचा उकाडा सोसवला, रस्ता नाही.

दुसरं टोक पेनसिल्व्हेनियातल्या फॉलिंगवॉटरचं. धबधब्यावर बांधलेल्या या घराचे मालक एडगर कॉफमन त्याला ‘सात बादल्यांचं घर’ म्हणायचे, कारण गळती झेलायला तेवढ्या बादल्या ठेवाव्या लागत. पुढे आलेले सज्जे वाकत चालले होते. शेवटी २००२ मध्ये पोलादी केबल ताणून ते आवरावे लागले. घर विकायचा प्रश्नच नव्हता, कारण तक्रार सगळी बांधकामात होती आणि बाहेर जे होतं त्याच्यासाठीच तर घर बांधलं होतं. कॉफमन यांच्याकडे डिपार्टमेंट स्टोअर होतं, हे मात्र विसरून चालणार नाही.

पुन्हा कोथरूडला. इथे हिशेब मांडावा लागतो, आणि तो बहुतेक घरांत अर्धाच मांडला जातो. फोडायला किती लागतील हे कोटेशनमध्ये दिसतं. विकायला किती लागतील हे कुणी लिहून देत नाही. ८० लाखांचं घर विकून तेवढ्याच किमतीचं दुसरं घ्यायचं म्हटलं, तर पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. महिलेच्या नावावर खरेदी केली तर त्यात एक टक्का सवलत. नोंदणी शुल्क ३० हजार. दोन्ही व्यवहारांत दलाली एकेक टक्का धरली तरी १ लाख ६० हजार. झाले साडेसात लाख, आणि घर एका चौरस फुटानेही वाढलेलं नाही. यात सामान हलवणं, नवे पडदे आणि मुलांच्या शाळेची बस बदलणं धरलेलं नाही. त्या साडेसात लाखांत चांगला माणूस मिळाला तर दोन्ही बाथरूम स्लॅबपर्यंत फोडून नव्याने होऊ शकतात.

घाईचा करही वेगळा. घर घेऊन दोन वर्षं व्हायच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन धरला जातो आणि आपल्या नेहमीच्या स्लॅबने कर लागतो. गृहकर्जाच्या मुद्दलावर प्राप्तिकरात वजावट घेतली असेल आणि ताबा मिळाल्याच्या आर्थिक वर्षानंतर पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर ती वजावट उत्पन्नात परत मिळवली जाते. सीएच्या ऑफिसात ही माहिती बहुधा विक्रीखत झाल्यावर कळते.

म्हणून फोडणं नेहमी बरं, असं अजिबात नाही. नूतनीकरणात गेलेला पैसा किमतीत परत येतो, ही आपल्याकडची सर्वांत लाडकी समजूत आहे. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरांनी, मूल्य काढताना जुन्या इमारतीच्या वयाची घट धरली जाते. इटालियन मार्बलची वाढ धरायला त्यात रकाना नाही. येणारा खरेदीदारही तुमचा मॉड्युलर ओटा बघून कौतुक करतो आणि मनात तो कुठून तोडायचा ते ठरवतो. विकण्यासाठी घर नटवणं हा बुडीत खर्च. फोडायचं तर स्वतः राहण्यासाठी, आणि निदान सात-आठ वर्षं राहणार असाल तर.

विकताना आडवं येतं ते आणखी वेगळंच. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातल्या बोस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास केला. बाजार पडला होता. ज्यांना खरेदीपेक्षा कमी भाव मिळणार होता, त्यांनी त्या फरकाच्या २५ ते ३५ टक्के इतकी किंमत वर चढवून सांगितली, आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहिली. गुंतवणूकदारांपेक्षा स्वतः राहणाऱ्यांमध्ये ही ओढ दुप्पट होती. ‘घातलेले तरी निघायला हवेत’ हे वाक्य मराठीतच जन्मलं असं वाटतं, पण ते बोस्टनलाही बोलतात. खरेदीदाराला तुम्ही किती घातले याच्याशी घेणंदेणं नसतं. त्याला दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरात ट्यूब लागते की नाही हे दिसतं.

तीस-पस्तीस वर्षं जुन्या सोसायटीत आणखी एक भूत असतं, पुनर्विकासाचं. त्याच्या आशेवर लोक दहा-दहा वर्षं फुटक्या लाद्यांवर चालतात, आणि काही जण सगळं घर नव्याने करून घेतात तोच बिल्डर दारात येतो. चर्चेवर जाऊ नये, कागद बघावा. जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर आलीय का, निदान मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज गेलाय का? शासनाच्या २०१९ च्या सुधारित निर्देशांनुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते; ती लेखी आहे की जिन्यातली? कागद पुढे सरकला असेल तर घरात नळाच्या वायसरपलीकडे खर्च करणं मूर्खपणा, आणि विकण्याची घाई त्याहून मोठा. कागदच नसेल तर पुनर्विकास विसरून बाथरूम फोडावं.

आपल्याकडे घर बघायचा हंगाम अक्षय तृतीयेपासून दसऱ्यापर्यंत मुहूर्तांनी ठरतो. खरं तर तो पावसाने ठरवायला हवा. नवं घर घेतल्यावर पहिला पावसाळा काहीही न फोडता राहावं, आणि जुनं विकायचं ठरवण्याआधीही एक पूर्ण पावसाळा पेन्सिल हातात ठेवून काढावा. चार महिने उशीर झाल्याने भाव फारसा हलत नाही. निदान मात्र बदलू शकतं.

कोथरूडच्या त्या जोडप्याने दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवलं. भिंतीवर आता तीन रेघा आहेत आणि फेब्रुवारीची रेघ नोव्हेंबरच्या रेघेच्या वीतभर आत आहे. ओल पावसाची, गिलावा बाहेरचा, खर्च सोसायटीचा. रस्त्याच्या आवाजासाठी त्यांनी पलंग मागच्या खोलीत नेला; ट्यूब अजून दुपारीच लागते. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर बाहेरच्या गिलाव्याचा विषय आठव्या क्रमांकावर आलाय. सातवा पार्किंगचा आहे.