दोष हाताचा की कागदाचा?

शिवणकामास नुकताच आरंभ केलेल्या मुलीच्या पोलक्याची बाही खांद्यावर चुण्या घेऊन बसली, की घरातील वडीलधारी मंडळी तिच्या हाताला नावे ठेवून मोकळी होतात. गणित चुकलेल्या मुलास आम्ही आधी पायऱ्या तपासावयास सांगतो. येथेही तेच करावे. हा दोष पुष्कळदा शिवणीत नसून बेतण्यात असतो.

मुंढ्याचा घेर आणि बाहीच्या माथ्याची गोलाई शिवणीच्या रेषेवर मोजावी. माया धरू नये. मोजपट्टी कडेवर उभी धरली म्हणजे वळणावर माप चुकत नाही. खांद्याच्या उंचवट्यासाठी बाही मुंढ्याहून किंचित मोठी असावी लागते. पण सुती पोलक्यास अर्धा इंच पुष्कळ झाला. लोकरीचे कापड वाफेने आकसते, घट्ट विणीचे सुती कापड तसे सामावून घेत नाही. मुंढा १५ इंच आणि बाही १६ इंच असेल, तर वरचा अर्धा इंच चुण्यांच्या रूपाने दिसणारच.

तो कागदी नमुन्यातूनच काढावा. माथा व काख यांच्या मध्यावर पाव इंचाची आडवी घडी घालावी, गोलाई सफाईने आखावी आणि पुन्हा मोजावे. घडी फार मोठी घेतल्यास माथा बसका होऊन खांद्यापाशी ताण पडतो. नवे कापड कापण्यापूर्वी जुन्या धोतराच्या तुकड्यावर कच्च्या टाक्याने पडताळून पाहावे.

चूक मापाने दाखविली, तर मुलगी दुसरे पोलके उमेदीने शिवावयास घेते. नुसत्या शेऱ्याने ती यंत्रापाशी पुन्हा फिरकत नाही.