खेळायचे कपडे कोण ठरवणार?



मुलींच्या खेळाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो कपड्यांचा. तिचा दम किती, चेंडू कसा अडवते, हे नंतर. वस्तीतल्या मुलींबरोबर काम करताना 'हाफ पँट घालावी लागेल का?' हा प्रश्न मी आयांकडून, भावांकडून, शिक्षकांकडूनही ऐकत आले आहे. मुलींचा प्रश्न साधा असतो: यात पळता येईल का?

हॉलमधला पाच-पाच जणींचा फुटबॉल, म्हणजे फुटसाल, आपल्या गटांना सोयीचा आहे. मोठं मैदान लागत नाही, आणि मैदानं तर मुलांनी आणि मंडपांनी आधीच व्यापलेली असतात. पुरुषांचा फुटसाल विश्वचषक १९८९ साली सुरू झाला. बायकांचा पहिला व्हायला २०२५ साल उजाडलं, फिलिपाईन्समध्ये. छत्तीस वर्षं वाट पाहिल्यावर दार उघडलं आहे, तर आत जाताना अंगावर काय असावं हे नीट बोलून घेऊ.

बाईच्या खेळाच्या कपड्यांवर हुकूम चालवणं ही काही फक्त आपल्या वस्तीची रीत नाही. २००४ साली जागतिक फुटबॉलच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी बायकांनी अधिक तंग चड्ड्या घालाव्यात असं सुचवलं. २०११ साली इराणच्या मुलींना डोकं झाकलं म्हणून ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळू दिला नाही. ती बंदी २०१४ साली उठली. २०२१ साली नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून १५०० युरो दंड झाला. एक म्हणतो झाक, दुसरा म्हणतो दाखव. दोघांनाही तिला विचारावंसं वाटत नाही.

म्हणून नियम आपण स्वतः वाचले पाहिजेत. 'पूर्ण कपड्यांत खेळता येत नाही' असं एखादा प्रशिक्षक सांगतो, तेव्हा ते खरं नसतं. चड्डीखाली लेगिंग चालते, फक्त रंग चड्डीशी जुळावा लागतो. आतला पूर्ण बाह्यांचा शर्ट बाहीच्या रंगाचा हवा. डोक्याला स्कार्फ चालतो, पण तो जर्सीला जोडलेला नको आणि त्यात टाचण्या नकोत. गोलरक्षक मुलगी लांब पँट घालू शकते. एकीने लेगिंग घातली आणि दुसरीने नाही, तर दोघी एकाच संघात खेळोत. कुणाचाच निर्णय कमी-जास्त पुढारलेला ठरवू नका.

दागिने मात्र चालत नाहीत. बांगड्या, कानातलं, चमकी, मंगळसूत्र सगळं काढावं लागतं, वर पट्टी चिकटवूनही चालत नाही. याला कारण दुखापतीचं आहे. लग्न झालेल्या खेळाडूंच्या घरी हे बोलणं सामन्याच्या दिवशी नको, आधीच व्हायला हवं, आणि त्या बोलण्यात गटाने तिच्या बाजूला बसायला हवं.

आता बूट. भावाचे जुने बूट बहिणीला, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर स्टडचे बूट घसरतात. इथे सपाट, पकड असलेला रबरी तळ लागतो. गवती टर्फवर खेळायचं असेल तर आखूड रबरी स्टडचे बूट वेगळे. बाईची टाच पुढच्या पावलाच्या मानाने अरुंद असते आणि बाजारातले बरेचसे बूट पुरुषी साच्यावर बेतलेले असतात. तेव्हा खेळायचे मोजे घालूनच बूट बघा, टाच उचलली जाते का ते तपासा. फुटबॉल खेळणाऱ्या बायकांना गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटण्याचा धोका पुरुषांहून जास्त असतो, त्यामुळे बुटांवर काटकसर नको. नडगीची पॅड नियमानेच सक्तीची आहेत आणि ती मोज्याने झाकावी लागतात.

आणि जे बोलताना बैठकीत आवाज खाली जातो, ते: स्पोर्ट्स ब्रा. ती १९७७ साली अमेरिकेत तीन बायकांनी पुरुष खेळाडूंचे लंगोट जोडून शिवली. तोवर कुणाला गरज वाटली नव्हती. आधार नसला की मुलगी खांदे आवळून पळते, मग पळणंच सोडते. दुकानात घालून उड्या मारून बघा. पट्टा वर सरकू नये आणि श्वासही कोंडू नये.

पाळीच्या डागाची भीती तर प्रत्येकीला ठाऊक आहे. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या मुलींनी पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घातल्या. आपल्या गणवेशाचा रंग ठरवायला कुणा पाहुण्याची आवड कशाला? गडद रंग घ्या.

राहिला पैसा. घरात पोराला बूट येतात, पोरीला 'पुढच्या वर्षी'. म्हणून गटाची एक सामाईक पेटी करा. त्यात वेगवेगळ्या मापांचे बूट आणि पॅड ठेवा. ब्रा मात्र प्रत्येकीची स्वतःची. अनुदानाचा अर्ज भरताना हे सगळं खर्चात लिहा, 'किरकोळ'मध्ये ढकलू नका. हॉल ठरवताना कडी लागणारी कपडे बदलायची खोली आणि चालू संडास आहे का ते आधी पाहा. मुंब्र्यात परचम या गटाने मुलींचा फुटबॉल उभा केला, तेव्हा मुलींसाठी खेळायची जागाही मागितली. तसं आपणही मागू.

पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या. गणवेशाचं कापड मुलींसमोर ठेवा, मापं त्यांनाच घेऊ द्या, आणि त्या जे ठरवतील ते घरी व शाळेत समजावून सांगायची जबाबदारी आपली माना.