ओठांवरचे ‘मपलं’

पडद्यावरचा आवाज ओठांशी जुळत नसेल तर ते तंत्रज्ञाने पाहावे, साहित्याच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, असा समज आपल्याकडे रूढ आहे. आम्हांला तो मान्य नाही. नांदेड-लातूरकडचे विद्यार्थी आज मोबाइलवर लघुपट करतात, आणि तो एकदा तरी चित्रपटगृहात दाखवावा अशी त्यांची इच्छा असते. हातातल्या पडद्यावर खपून गेलेली विसंगती तेथे उघडी पडते.

हा दोष दोन प्रकारचा असतो. पहिल्यात आवाज आणि ओठ यांतले अंतर आरंभापासून अखेरपर्यंत सारखेच राहते. ध्वनी तेवढा मागेपुढे सरकवला की भागते. दुसऱ्यात ते वाढत जाते. आपल्याकडचा व्हिडिओ पुष्कळदा सेकंदाला २५ चित्रांचा असतो. चित्रपटगृहासाठीच्या डिजिटल प्रतीचा रूढ वेग २४ चित्रांचा. तासाभराची तीच चित्रे या वेगाने साडेबासष्ट मिनिटे चालतात. ध्वनी मात्र साठाव्या मिनिटाला संपतो. येथे सरकवून उपयोग नाही, ध्वनीची लांबीच त्या प्रमाणात वाढवावी लागते. मोबाइलचा वेग तर चित्रीकरण चालू असतानाच कमीजास्त होतो. तो संकलनापूर्वी स्थिर करून घ्यावा.

दोष कोणता हे ओळखण्याचे साधन व्याकरणाच्या वर्गातच आहे. प, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्यावाचून उच्चारता येत नाहीत. आरंभी, मध्ये आणि अखेरीस ‘बाप’, ‘भाकर’, ‘माय’ असा एकेक शब्द निवडावा आणि ओठांची हालचाल ध्वनीशी ताडून पाहावी. किंचित मागे राहिलेला ध्वनी आपण चालवून घेतो, कारण निसर्गातही वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. पुढे धावलेला ध्वनी मात्र चटकन खटकतो.

आमचा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाच्या काळी नटाचा आवाज चित्रीकरणाबरोबरच घेतला जाई. पुढे संवाद ध्वनिमुद्रणगृहात पुन्हा म्हणून घेण्याची रीत बळावली. अलीकडे स्थळावरच्या ध्वनीला पुन्हा मान मिळू लागला; २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘ख्वाडा’चा गौरव झाला तो त्यासाठीही.

पुन्हा म्हणताना ‘शुद्ध’ बोलण्याचा मोह होतो. मराठवाड्यातली बाई ‘मपलं’ म्हणते तेव्हा तिचे ओठ दोनदा मिटतात. ‘माझं’ म्हणताना एकदाच. तिच्या ‘मपलं’वर कोणी ‘माझं’ चिकटवले, तर क्षण अचूक साधूनही ओठ खोटे पडतात. काळाचे अंतर गणिताने भरून निघते. बोलीचे अंतर कोणतेही संगणकीय साधन भरून काढत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी ध्वनी शक्यतो जागेवरच आणि बोलणाऱ्याच्या जवळून घ्यावा, आणि शिक्षकांनी त्यातली बोली दुरुस्त करू नये. दुरुस्त करायचा तो वेग.