दाखला आणि दक्षता

आफ्रिकेस निघालेल्या प्रवाशाला पीतज्वराच्या लशीचा दाखला हा पासपोर्ट-व्हिसाच्या जोडीचा आणखी एक कागद वाटतो. हा समज घातक आहे. पीतज्वराने भारतात आजवर पाय रोवलेला नाही. परंतु तो पसरविणारा एडीस डास येथे सर्वत्र आहे आणि आपल्या लोकांच्या अंगी या रोगाची प्रतिकारशक्ती नाही. ठिणगी तेवढी बाहेरून यावयाची आहे. २०१६ साली अंगोलातील साथीच्या काळात तेथून चीनला परतलेल्या ११ कामगारांना हा रोग झाल्याचे आढळले. आशियातील ती पहिलीच नोंद होय.

लस टोचल्यावर १० दिवसांनी दाखला ग्राह्य होतो, कारण शरीराला सिद्ध होण्यास तेवढा अवधी लागतो. मागील तारखेचा खोटा दाखला मिळविणारा अधिकाऱ्याला फसवील, डासाला नव्हे. २०१६ पासून हा दाखला आजन्म ग्राह्य असल्याने चालढकलीस सबबही उरलेली नाही.

मात्र सक्ती म्हणजे संपूर्ण संरक्षण नव्हे. हिवतापासाठी सीमेवर कोणी कागद मागत नाही. म्हणूनच प्रतिबंधक गोळ्या आणि मच्छरदाणी यांची उपेक्षा होते. आफ्रिकेतील फाल्सिपेरम हिवताप उपचारास विलंब झाल्यास प्राण घेतो. परतल्यावर ताप आला, तर प्रवासाची हकिकत डॉक्टरांना प्रथम सांगितली पाहिजे.

आणि नगरपालिकांनी साचलेल्या पाण्याचा बंदोबस्त केला पाहिजे. डासच नसतील, तर रोगी आला तरी साथ पसरणार नाही.