रस्ता पाण्याच्या काठापर्यंत गेला पाहिजे

सातपुड्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांचा रस्त्यांचा प्रश्न दरवर्षी पावसाळ्यात वृत्तपत्रांच्या पानांवर येतो आणि पावसाळा सरला की तेथून नाहीसा होतो. बांबूच्या झोळीतून दवाखान्याकडे नेल्या जाणाऱ्या बाळंतिणीचे छायाचित्र छापले जाते, सत्ताधारी हळहळतात, निधीची घोषणा होते. पुढल्या पावसाळ्यात तेच छायाचित्र पुन्हा दिसते. केवळ गावाचे नाव निराळे असते. या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि तिला छायाचित्र मिळत नाही. नर्मदेच्या जलाशयावर मासेमारी करून पोट भरणाऱ्या आदिवासींची ती बाजू आहे.

सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित केली. धरणाचे दरवाजे २०१७ च्या जूनमध्ये बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचले. नदीकाठची कसदार जमीन पाण्याखाली गेली. काही कुटुंबे वसाहतींत गेली, काही डोंगरउतारावर वर सरकून राहिली. ज्या पाण्याने शेत गिळले, त्या पाण्यालाच शेत मानण्यावाचून या मागे राहिलेल्यांना गत्यंतर नव्हते. विस्थापितांच्या मच्छीमार सहकारी संस्था उभ्या राहिल्या. काठावर हंगामापुरती झोपडी टाकून माणसे जाळी लावू लागली. मासळी पाण्यात आहे, ती काढणारे हात आहेत. पण त्या काठापासून बाजारापर्यंतची वाट मात्र अजूनही बैलाने जपून पाय टाकावा अशीच आहे.

अर्थशास्त्रातील एक साधी गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. ज्वारी घरात ठेवता येते; आज भाव पडला तर महिनाभर थांबता येते. मासळी थांबत नाही. पहाटे जाळ्यातून निघालेला रोहू किंवा कटला उन्हाच्या दिवसांत दुपारपर्यंत मातीमोल होऊ लागतो. म्हणून मासळीचा भाव शहरातल्या मंडईत ठरतो हा समज अपुरा आहे. काठापासून मंडईपर्यंत किती तास लागतात आणि मध्ये बर्फ कोणाच्या मालकीचा आहे, यावर तो ठरतो. किलोभर मासळी टिकवायला साधारण किलोभर बर्फ लागतो. तो बर्फ घेऊन होडीने वा जीपने काठापर्यंत येणारा व्यापारी एकच असेल, तर तो सांगेल तो भाव, तो धरील तो काटा. जाळ्यासाठी उचल त्यानेच दिलेली असली, म्हणजे तर मासळी जाळ्यात शिरण्यापूर्वीच विकली गेलेली असते. ही मक्तेदारी कोणत्याही सरकारी आदेशाने निर्माण झालेली नाही. खराब रस्त्याने ती निर्माण केली आहे, आणि खराब रस्ता हेच तिचे भांडवल आहे.

म्हणून रस्ता सुधारला पाहिजे, यात आम्हांस शंका नाही. प्रश्न आहे तो कोणता रस्ता आणि कोणासाठी, हा.

ठेकेदाराला रस्ता म्हणजे डांबर वाटते. डोंगरात रस्त्याचा खरा वैरी पाणी आहे. वरून येणारे पाणी काढून देणारी चर नसेल, ओढ्यावर मोरी किंवा फरशी नसेल, दरीच्या बाजूला दगडी आधार नसेल, तर मार्चमध्ये टाकलेला डांबराचा पातळ थर जुलैत ओढ्याला मिळतो. त्याऐवजी नीट दाबलेली खडी आणि मुरूम, चढाच्या टप्प्यांवर काँक्रीट, जागोजागी मोऱ्या आणि वर्षातून दोन वेळा डागडुजी, एवढे केले तर मासळीची जीप बारमाही चालू शकते. अशा कामात यंत्र थोडे आणि हात अधिक लागतात. ते हात त्याच पाड्यांवरचे असले, तर ऊसतोडीसाठी आणि शहरातल्या बांधकामांवर जाणाऱ्यांपैकी काहींना चार महिने घरी राहता येईल. जलाशयाच्या काठाची आणखी एक अडचण आहे. पाण्याची पातळी वर्षभर बदलते. सप्टेंबरात जेथे होडी लागते, तेथून मे महिन्यात पाणी पार खाली उतरलेले असते. म्हणून रस्ता एका ठिकाणी संपवून भागणार नाही. तेथून खाली उतरत जाणारा दगडी ढाळ बांधावा लागेल. ही गोष्ट नकाशावर रेघ ओढणाऱ्या अभियंत्याला सुचणार नाही. जाळे टाकणाऱ्याला विचारले तर तो एका वाक्यात सांगेल.

पण विचारतो कोण? डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा हिशेब लोकवस्तीवर चालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या तिच्या चौथ्या टप्प्यातही सपाटीवर ५०० आणि पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रात २५० लोकसंख्येची अट आहे, आणि ती २०११ च्या जनगणनेवरून मोजायची आहे. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाज आपापल्या शेतात घर बांधून विखुरलेला राहतो. मासळी उतरवण्याच्या जागेला तर लोकसंख्याच नसते. तेथे वस्ती आहे ती होड्यांची. मग रस्ता वरच्या पाड्याशी येऊन थांबतो आणि उरलेली उतरण टोपली डोक्यावर घेऊन स्त्रिया चढतात.

पैसा नाही, हे कारण तर आता ऐकूही नये. ग्रामसडकेच्या चौथ्या टप्प्यासाठी ६२,५०० किलोमीटरना ७०,१२५ कोटी रुपये धरले आहेत. म्हणजे किलोमीटरला सरासरी सव्वा कोटीच्या आत. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला मुंबईतील सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सतरा हजार कोटींहून अधिक खर्चाचा आहे. घाटातील रस्त्याला सरासरीच्या तिप्पट खर्च धरला, तरी त्या सेतूच्या एका किलोमीटरच्या पैशात दोनशेहून अधिक किलोमीटरचे डोंगरी रस्ते होतात. सेतू कर्जातून झाला, त्यावर पथकर मिळतो, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पण ज्यांच्याजवळ पथकर देण्याची ऐपत आहे त्यांच्यासाठीच राज्याने कर्ज काढावे, हे कोणते अर्थशास्त्र? नर्मदेच्या पाण्याने आणि विजेने दूरची शहरे उजळली. त्या लाभाचा भांडवली खर्च आदिवासींनी आपल्या जमिनीच्या रूपाने केव्हाच भरला आहे.

वनखात्याची परवानगी मिळत नाही, ही दुसरी सबब. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासह तेरा सुविधांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. अट आहे ती हेक्टरी ७५ हून अधिक झाडे न तोडण्याची. सहा मीटर रुंदी धरली तर हेक्टरभर जमिनीत सुमारे १,६६० मीटर रस्ता बसतो. पाड्यापासून पाण्यापर्यंतच्या बहुतेक तुकड्यांना एवढे पुरावे. कायदा आहे, ग्रामसभा आहे; नाही तो ग्रामसभेचा ठराव तयार करून पाठपुरावा करणारा कार्यकर्ता.

आमच्याच चळवळीतील काही मित्र निराळा आक्षेप घेतात. रस्ता झाला की लाकूडचोर येईल, ठेकेदार येईल, उद्या काठावर धनिकांची विश्रामगृहे उभी राहतील, असे ते म्हणतात. ही भीती निराधार नाही. पण बाळंतिणीला झोळीत ठेवून जंगल वाचवण्याचा मार्ग समाजवाद्यांना मान्य होणार नाही. भीतीचे उत्तर रस्ता अडवण्यात नाही. रस्त्याआधी पाण्यावरचा हक्क पक्का करण्यात आहे.

या बाबतीत मध्य प्रदेशातील तवा जलाशयाचा इतिहास प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासला पाहिजे. तवा धरणाने ४४ गावे बुडवली आणि त्याच पाण्यातील मासळी पुढे ठेकेदाराच्या हाती गेली. सुनील यांच्यासारख्या समाजवादी साथींनी उभारलेल्या किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यातून १९९६ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या तवा मत्स्य संघाला मासेमारीचा हक्क मिळाला. मासळी गोळा करणे, बर्फात घालणे, दूरच्या बाजारात पाठवणे, जलाशयात बीज सोडणे, विणीच्या काळात जाळी बंद ठेवणे, ही सारी कामे ‘अडाणी’ ठरवलेल्या माणसांनी दहा वर्षे सांभाळली. २००६ च्या अखेरीस वन्यजीव कायद्याकडे बोट दाखवून तो हक्क पुन्हा वाढवून देण्यात आला नाही. व्यवस्था चालवता आली नाही म्हणून ती मोडली, असे कोणी म्हणू शकत नाही. हक्क मुदतीच्या कराराचा होता. मुदत संपली, हक्क संपला. धडा स्पष्ट आहे. रस्ता, बर्फ, वाहन हे सर्व हाती आले, तरी पाणी सरकारच्या मर्जीवर असेल, तर सारे एका सहीने जाऊ शकते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)मध्ये जलाशयातील मासळीवरील सामूहिक हक्क नोंदलेला आहे. तो दाव्याच्या रूपाने मागितला गेला पाहिजे.

तेव्हा मागणी केवळ रस्त्याची नको. पहिली मागणी सामूहिक मासेमारी हक्काची. दुसरी, पाड्यापासून पाण्यापर्यंतच्या बारमाही रस्त्याची आणि उतरत्या ढाळाची. तिसरी, हे काम स्थानिक मजुरांकडून, ग्रामसभेच्या देखरेखीखाली आणि डागडुजीच्या स्वतंत्र तरतुदीसह करण्याची. चौथी, सहकारी संस्थेच्या मालकीचा बर्फ, काटा आणि वाहन यांची. आणि पाचवी, व्यापाऱ्याच्या उचलीतून सुटण्यासाठी जाळी व होड्यांकरिता स्वस्त कर्जाची. यांतील एक वगळली तर उरलेल्या चारांचा लाभ दुसराच कोणी घेईल.

पावसाळा संपल्यावर वृत्तपत्रे हा विषय विसरतील. आमच्या कार्यकर्त्यांचे काम त्याच दिवशी सुरू झाले पाहिजे. ग्रामसभांचे ठराव, हक्कांचे दावे आणि काठावरच्या प्रत्येक वाटेची मोजणी हिवाळ्यात पुरी झाली, तरच उन्हाळ्यात कुदळ पडेल. मंत्र्यांच्या हळहळीची वाट पाहणाऱ्यांच्या नशिबी पुढच्या वर्षीही झोळीच येईल.