पाहुणचार कोणाच्या जिवावर?

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयात एका विद्वान वक्त्यांचे व्याख्यान झाले. विषय, भारतीय संस्कृतीची थोरवी. बोलता बोलता ते म्हणाले, ‘‘इंग्रजाच्या घरी आधी वेळ ठरविल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही. पाहुण्याला देव मानावे ते आपणच!’’ टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष म्हणून मीही हात पुढे केले आणि तसेच मांडीवर ठेवले. कारण २०२३ च्या जूनमध्ये मी सपत्नीक तीन दिवस इंग्रजाच्या घरचे अन्न खाऊन आलो होतो.

ही ओळख जुनी. २००९ साली इतिहासाचे एक इंग्रज शिक्षक आमची शाळा पाहायला आले आणि आठ दिवस आमच्याच घरी राहिले. आम्ही त्यांना मांडे घातले, कुंदा घातला, ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून तूप वाढले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारले, ‘‘तुमच्या पत्नीची प्रकृती बरी नाही का? त्या जेवायला बसतच नाहीत.’’ मी हसून म्हणालो, ‘‘आमच्याकडे तशी पद्धत आहे.’’ पाचव्या दिवशी त्यांचे पोट बिघडले. तेही आम्ही आमच्या अगत्याची पावती म्हणून गावभर सांगितले.

निवृत्तीनंतर ते हेरफर्डशायरमध्ये, किंग्टनजवळच्या एका खेड्यात राहतात. आम्ही बर्मिंगहॅमला भाच्याकडे गेलो होतो, म्हणून त्यांना कळविले. त्यांचे उत्तर वाचून आमची ही म्हणाली, ‘‘अहो, हे आमंत्रण आहे की शिष्यवृत्तीचा अर्ज?’’ अंडी चालतात का, कुत्र्याची भीती वाटते का, शनिवारी कोणत्या गाडीने येणार आणि मंगळवारी कोणत्या गाडीने जाणार! पाहुण्याला ‘जाणार कधी’ असे विचारणे आपल्याकडे घोर अपमान. आपण विचारत नाही. स्वयंपाकघरात चार दिवस कुजबुजत राहतो. त्यांनी विचारले, आम्ही सांगितले, आणि पुढे तीन दिवस त्यांनी आमच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला. ‘पुरे’ म्हटले की पुरे. पहिल्या रात्री सवयीने ‘नको, नको’ म्हणालो आणि अर्धपोटी झोपलो, तो दोष माझा!

हेरफर्ड स्टेशनवर ते स्वतः मोटार घेऊन आले होते. वाटेत पांढऱ्या तोंडाची तांबडी गुरे, सफरचंदांच्या बागा, काळ्या लाकडी चौकटींची पांढरी घरे. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्जेस्ट रिज या डोंगरावर नेले. त्यावरून जाणारी पायवाट २८५ किलोमीटरची. आठव्या शतकात ऑफा राजाने वेल्सच्या बाजूला घातलेल्या मातीच्या बांधाचे नाव तिला दिले आहे. ती कुणाच्या कुरणातून जाते, कुणाच्या फाटकातून, पण वाटसरूला अडविण्याचा अधिकार जमीनमालकाला नाही. आमच्याकडे पाणंदीवर नांगर घालणारे शेतकरी घरी आलेल्याला मात्र चार पोळ्या जास्त वाढतात. डोंगर उतरून पलीकडे गेले की रस्त्यावर ‘स्लो’च्या जोडीला वेल्श भाषेत ‘अराफ’ असे रंगविलेले दिसते. १९५६ पासून सीमेवर बसलेल्या माणसाने ते दोन शब्द किती वेळ पाहावेत? असो. तो विषय वेगळा.

डोंगरावरून परतल्यावर दुपारचे जेवण. सकाळी बटाटे सोलले होते यजमानांनी, पुरुषाने. जेवण झाल्यावर ते भांडी घासायला उभे राहिले आणि त्यांच्या पत्नीने काही न बोलता माझ्या हाती पुसायचे फडके दिले. आमची ही चटकन उठली. त्या बाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसविले. ती बसली खरी, पण हातांचे काय करावे ते तिला समजेना; कधी पदर सारखा करी, कधी टेबलावरचे चमचे. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याच्या नात्याने बशा पुसत होतो. घरी आमच्या बशा पुसते ती मोलकरीण, आणि ती मागच्या दाराने येते.

रात्री ही म्हणाली, ‘‘तीस वर्षांच्या संसारात बाहेरच्या माणसांबरोबर पहिल्या पंगतीला आज बसले.’’ तक्रारीचा सूर नव्हता. तोच मला लागला.

आता वक्त्यांना विचारतो. तैत्तिरीय उपनिषदात अतिथीला देव मानण्याचा उपदेश गुरू कोणाला करतो? विद्या पुरी करून घरी निघालेल्या शिष्याला. म्हणजे राबायचे त्याने! आपण त्यातले पुण्य स्वतःकडे ठेवले आणि पोळपाट-लाटणे बायकोच्या हाती दिले. दिवाळीत दहा माणसे अचानक आली तर ‘आमच्याकडे दार सदा उघडे’ असे म्हणणारा ओटीवर असतो, आणि त्या दारातून आत आलेल्यांची कणीक दुसरेच कुणी मळत असते. ज्याने स्वतः एकही भाकरी थापली नाही, त्याने आपल्या औदार्याची फुशारकी मारू नये.

इंग्रजांची आरती ओवाळण्याचा माझा विचार नाही. त्यांच्या शेजारच्या आजीबाईंकडे त्या तीन दिवसांत कुणी फिरकले नाही, आणि आम्हांला ते खटकले. आमच्या गल्लीत असे झाले असते तर संध्याकाळपर्यंत चौघीजणी आमटीची वाटी घेऊन गेल्या असत्या. पण पाहा, तिथेही चौघीजणीच!

येत्या जानेवारीत ते दोघे आमच्याकडे येणार आहेत. काय खाता, काय चालत नाही, कधी येता, कधी जाता, असे पत्र हिने स्वतः बसून लिहिले आणि पाठविण्यापूर्वी मला वाचायला दिले. शेवटची ओळ अशी होती: रविवारी आमच्याकडे कामाला बाई येत नाही, त्या दिवशी भांडी हेडमास्तर घासतील. मी वाचून सही केली.