‘व्हायचंच’ म्हणून भागत नाही

गरोदर बाईचे पाय सुजले की घरातून पहिलं वाक्य येतं, “सातव्या महिन्यात व्हायचंच, आमचेही सुजले होते.” यात खोटं काही नाही, घोळ तिथेच आहे. एकदा ‘व्हायचंच’ म्हटलं की उपायही नको आणि तपासणीही नको. मागोमाग सल्ले येतात: पाणी कमी पी, मीठ बंद कर, नुसती पडून राहा. सुजेवरून मुलगा की मुलगी ते सांगणाऱ्यांसाठी तर शाईही खर्चू नये.

अंगात पाणी साठलंय, तर पिणं कमी करावं, हा हिशेब वरवर सरळ वाटतो. पण हे पाणी तांब्यातून पायात उतरलेलं नसतं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, संप्रेरकांमुळे शिरा सैलावतात, आणि वाढतं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरांवर दाब देतं. पायांतून वर जाणारं रक्त खोळंबतं नि त्यातलं पाणी घोट्याभोवती झिरपतं. मग संध्याकाळी जोडवी बोटात रुततात, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो, नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहतो. पाणी तोडून यातलं काही सुधारत नाही, उलट बद्धकोष्ठता मात्र वाढते. मिठाचंही तेच. पापड-लोणचं आवरावं हे ठीक, पण अळणी जेवण लादून रक्तदाबाचा धोका टळत नाही. बाईची जेवणावरची वासना तेवढी उडते.

अडलेलं रक्त वर चढवायचं तर पोटऱ्यांना काम हवं. म्हणून दिवसभर पडून राहणंही चूक आणि ओट्यापाशी दोन-दोन तास उभं राहणंही. थोडं चालावं, बसल्या जागी घोटे फिरवावेत, डाव्या कुशीवर निजावं, पाय उशांवर उंच ठेवावेत. डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घ्यावेत, ते सकाळी सूज चढण्याआधी चढवावेत. पाय उंच ठेवणं, असे मोजे आणि पाण्यात राहणं हे उपाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींतही आहेत. रात्री पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पंजा स्वतःकडे ओढावा. दुखण्याची गोळी मात्र मनाने घेऊ नये. आणि डोहाळजेवणाची हौस जरूर करा, पण तिला झोपाळ्यावर पाय लोंबकळत तासन्‌तास बसवताना पायांखाली चौरंग तरी द्या.

आता ‘व्हायचंच’मध्ये न बसणारी सूज. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगड्यांखाली दुखलं, तर रक्तदाब वाढल्याची शंका घ्यावी. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा दुर्लक्ष करण्याचा नाही. एकाच पायाची पोटरी सुजून गरम, लाल, दुखरी झाली तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे तेल लावून चोळणं म्हणजे ती गुठळी फुप्फुसाकडे सुटण्याचा धोका पत्करणं.

यावर कुणी म्हणेल, पहिलटकरणीला उगाच घाबरवता. पण शंका फेडणं सोपं आहे: दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला काही मिनिटं पुरतात, लघवीतलं प्रथिन साध्या पट्टीवर कळतं, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. वरची लक्षणं दिसली तर मात्र त्या तारखेची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी लगेच निघायचं.